वरच्या आळीच्या माना

टँकरच्या रांगेत थोरल्याच्या पुढे गिरणीवाला उभा होता, आणि गिरणीवाल्याची मान थोरल्याला ओळखू येईना.

माणूस तोच होता. कानांवर पीठ, भुवयांवर पीठ, दोन्ही हातांत दोन कळशा. केसही थोरल्यानंच कापलेले, मंगळवारी, जेमतेम पाच दिवस झाले होते. पण मंगळवारी त्यानं मानेवर वस्तऱ्यानं सरळ रेघ मारली होती, पट्टी ठेवून मारावी तशी. ती रेघ आता नव्हती. केस खाली उतरता उतरता इतके विरळ होत गेले होते, की ते कुठे संपले नि कातडी कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये.

गावात न्हावी दोनच. तो आणि त्याचा धाकटा भाऊ. अशी मान दोघांतल्या एकालाच यायची, आणि तो एक थोरला नव्हता.

"पुढे सरका की," मागून कुणीतरी म्हणालं. थोरला सरकला. घागर गुडघ्यावर आपटली तरी त्याला कळलं नाही. पाऊस लांबला होता, तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, दोन महिने गाव टँकरवर दिवस काढत होतं. त्या सगळ्याचं मिळून त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं, जितकं त्या एका मानेचं वाटलं.

तसली मान म्हाताऱ्याची. म्हणजे दोघांच्या बापाची. बापानं चाळीस वर्षं या गावाची डोकी केली, पण मानेला वस्तरा कधी लावला नाही. कंगवा आणि कात्री, बस. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या खळग्यात टेकवायचा आणि कात्री अशी चालवायचा की गिऱ्हाईक पेंगायचं. "रेघ मारायची ती वहीत," म्हणायचा, "माणसाची मान विरत गेली पाहिजे." धाकट्याला ते पंधराव्या वर्षी जमलं. थोरल्याला पंचेचाळिसाव्या वर्षीही जमलं नव्हतं. त्याचा हात जड. दाढीत मात्र तो बापालाही भारी होता. वस्तरा गालावरून फिरून गेला हे गिऱ्हाइकाला तुरटी लागल्यावर कळायचं. पण कुणी दाढीचं कौतुक केलं की त्याला वाटे, हे आपलं मानेबद्दल सांत्वन चाललंय. स्वतःचं डोकं तो तुळतुळीत ठेवायचा. का, तर मान कुणाच्या हातात द्यायला नको.

म्हातारा शेवटची दोन वर्षं कमरेतून गेला आणि थोरल्याच्या मागच्या खोलीत खाटेवर पडून राहिला. तेव्हा त्यानं दोघांना बोलावून गाव वाटून दिलं. शेत नव्हतंच, होती ती डोकी. तळ्याच्या वरची आळी थोरल्याची, खालची धाकट्याची. जुनं दुकान, खुर्ची, आरसा थोरल्याला. धाकट्यानं खाली पत्र्याची शेड टाकायची. "आणि एकमेकाच्या डोक्याला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला होता. "ज्यानं लावला त्यानं कात्री कायमची खाली ठेवायची." त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आणि आता वरच्या आळीची मान खालच्या आळीच्या हातची होऊन थोरल्याच्या पुढ्यात उभी होती, दोन कळशा घेऊन.

घरी आल्या आल्या त्यानं घागर टेकवली आणि बायकोला म्हणाला, "धाकट्यानं केसानं गळा कापला."

ती अंगणात धान्य पाखडत होती. सूप थांबलं. "काय केलं भावजींनी?"

"गिरणीवाल्याची मान बघितलीस?"

"मी कशाला लोकांच्या माना बघू?" ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलायला लागलं, जरा जोरातच.

एरवी खुर्चीवरून उठलेल्या मानेकडे थोरला पुन्हा बघत नसे. त्या दिवसापासून तो माणसांना मागून बघायला लागला. वाटेत कुणी भेटलं की हा थांबायचा, त्याला पुढे जाऊ द्यायचा आणि मग मान निरखायचा. दोन दिवसांत त्यानं आणखी पाच माना मोजल्या. मास्तरांची, शिंप्याची, एस्टीच्या कंडक्टरची, सरपंचाच्या दोन्ही पोरांची. सगळे वरच्या आळीचे, सगळ्यांचे केस त्यानंच कापलेले आणि सगळ्यांच्या मानेवरची त्याची रेघ पुसलेली. चावडीपुढे कंडक्टर त्याला म्हणालासुद्धा, "थोरल्या, हल्ली तू माणसाला पाठीमागून रामराम करतोस." बाकीचे हसले. थोरला हसला नाही. त्याला कंडक्टरची मान दिसत होती आणि ती सुरेख होती.

मास्तर दाढीला आले तेव्हा त्यानं साबण फासता फासता विचारलं, "मास्तर, मानेला काय केलंत?"

"मानेला? काही नाही. घाम येतो हो. झडले असतील."

"झडताना इतके नीट झडले?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मुलांना रोज खोटं बोलू नका म्हणून सांगणारा माणूस, त्याला खोटं धड जमेना. बाकावर दोघं आपली पाळी धरून बसले होते, ते एकदम तळ्याच्या पाण्याविषयी बोलायला लागले. आठवडाभर हेच चाललं होतं. थोरला दुकानात आला की आवाज बदलायचे. भर उन्हात, अंगाची लाही लाही होत असताना, वरच्या आळीची माणसं मानेभोवती पंचे गुंडाळून फिरायला लागली. अख्खी आळी धाकट्याला सामील आहे असं थोरल्यानं धरलं. रात्री ताटावर बसूनही तेच डोक्यात फिरत होतं. आपण गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, कापड बांधायचं, अर्धा तास कात्री चालवायची; आणि त्यानं उठून खाली जाऊन आपलं काम धाकट्याकडून दुरुस्त करून घ्यायचं. केस दुसऱ्याकडे कापून घेतले असते तर तो एक चोरीचा मामला झाला असता. ही त्याच्या हाताची नालस्ती होती.

"तू धाकट्याच्या घरी जातेस ना अधूनमधून?" त्यानं बायकोला विचारलं. "तिथं वरच्या आळीचं कोण बसलेलं दिसतं?"

"कुणी नाही."

"तू पण त्याचीच बाजू घे."

"मी कुणाची बाजू घेत नाही," ती म्हणाली. "जेवा."

बुधवारी सकाळी शिंपी गळ्यात टेप आणि टेपवर पंचा अडकवून दुकानावरून चालला होता. थोरल्यानं पायरी उतरून सरळ पंचा ओढला. मान उघडी पडली. रेघेचा मागमूस नव्हता.

"चला," थोरला म्हणाला.

"कुठं?"

"खाली. धाकट्याकडे. त्याच्या तोंडावर विचारतो."

"अरे, माझ्याकडे कपडे खोळंबलेत. जाऊ दे ना. मानेचं काय घेऊन बसलास?"

पण थोरल्यानं त्याचा दंड धरला होता आणि वस्तऱ्याची सवय असलेली पकड सुटत नाही. दोघं कोरड्या तळ्यातूनच निघाले, वळसा नको म्हणून. पायाखाली गाळाची ढेपळं फुटत होती. शिंपी बारीक माणूस. तो दोनदा अडखळला आणि दोनदा म्हणाला, "थोरल्या, तुला सांगतो, पस्तावशील." ते धाकट्यासाठी चाललंय असं थोरल्याला वाटलं.

धाकट्याच्या शेडवर ओली पोती पसरली होती. आत सहा जण बसले होते. सहा. थोरल्यानं ते आधी मोजले. वर एका वेळी दोनाच्या वर कुणी बसत नव्हतं. धाकटा एका म्हाताऱ्याची मान करत होता. त्यानं वर बघितलं, भावाला बघून त्याच्या तोंडावर काहीतरी हललं आणि तो म्हणाला, "दादा, ये. बस. पाणी घे."

"पाणी नको." थोरल्यानं शिंप्याला धरून त्याची पाठ धाकट्याकडे केली. "ही मान कुणाची?"

धाकट्यानं कात्री ठेवली, हात पुसला, जवळ आला. आधी नुसतं बघितलं. मग अंगठ्यानं मानेच्या कडेवरून चाचपून पाहिलं, डावीकडून उजवीकडे आणि उलट.

"बाबांची," तो म्हणाला.

"बाबा गेले. त्यांच्यामागं ही मान गावात कुणाला येते?"

"मला नाही येत."

"खोटं बोलू नको."

"दादा, नीट बघ. माझी उजवीकडे जरा वर चढते. पहिल्यापासून. बाबा ओरडायचे त्यावरून. ही चढलेली नाही." त्यानं खुर्चीवरच्या म्हाताऱ्याची मान दाखवली. खरंच, उजवीकडे उगीच तांदळाच्या दाण्याएवढी वर गेली होती. थोरल्यानं इतकी वर्षं त्या मानांचा हेवा केला आणि हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. जळणाऱ्याला खोट दिसत नाही, लोक उगीच म्हणतात की दिसते.

"वरच्या आळीच्या एकाही डोक्याला मी हात लावलेला नाही," धाकटा म्हणाला. "तूच कशाला मला हे दाखवायला आणलंस? खिजवायला आलायस का?"

"खिजवायला?"

"वर्षभर मी तुझ्या आळीच्या माना बघतोय. बाजारात, एस्टीच्या थांब्यावर. आधी वाटलं, भास होतोय. मग कळलं. बाबांनी शेवटी तुला हात दिला." धाकट्याचा आवाज बसल्यासारखा झाला होता. "मी त्यांना भेटायला यायचो तेव्हा मान आधीच केलेली असायची. मी म्हणायचो, मी करतो, तर म्हणायचे, तुझी नको. माझी नको म्हणाले. इतकं पोटात दुखायचं माझ्या की मी येणंच कमी केलं. आता तू सगळ्या आळीला ती वाटतोयस."

एकदा सोडली तर बापाची मान थोरल्यानं कधी केली नव्हती. ती धाकटाच येऊन करून जातो असं तो समजत आला होता. हे तिथल्या तिथं सांगता आलं असतं. पण धाकटा आपल्यावर जळतोय, ही गोष्ट त्यानं पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली होती आणि ती उन्हातून आल्यावर गूळपाणी मिळावं तशी घशाखाली उतरत होती. ती त्याला थुंकवेना.

"बरं," एवढंच तो म्हणाला.

शिंपी खोकला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग त्यानं आपला पंचा थोरल्याच्या हातातून काढून घेतला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

तळं चढताना मात्र थोरल्याच्या डोक्यात दुसरंच फिरायला लागलं. धाकटा नाही, मी नाही. मग म्हाताऱ्याची मान कोण करत होतं? त्या घरात तिसरं होतं कोण? तो तळ्याच्या मधोमध उभा राहिला. मग स्वतःलाच नाही म्हणाला आणि चालायला लागला. दोन दिवस त्यानं दुकानातच काढले.

मंगळवारी नि शुक्रवारी दुपारी तो वीटभट्टीवर जायचा, तिथल्या मजुरांच्या दाढ्या करायला. त्या शुक्रवारीही त्यानं पेटी भरली, "येतो" म्हणाला आणि वळणापर्यंत जाऊन परत फिरला. पुढच्या दारानं दुकानात शिरला आणि आवाज न करता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. दुकानाच्या दारातून मधली खोली दिसायची, मधल्या खोलीच्या दारातून परस.

परसात भिंतीच्या सावलीला पालथ्या बादलीवर मास्तर बसले होते. अंगावर घरातलीच जुनी चादर. मागे त्याची बायको उभी होती, पदर खोचून. हातात म्हाताऱ्याची ती लहान कात्री. कुठे गेली म्हणून थोरल्यानं मनातल्या मनात धाकट्यावर आळ घेतला होता, तीच.

"मान खाली," ती म्हणाली. "अजून. श्वास सोडा."

शब्दही म्हाताऱ्याचे. तिचा डावा अंगठा मास्तरांच्या मानेच्या खळग्यात टेकला होता, कंगवा वर सरकत होता आणि कात्री दिसेल न दिसेल इतकी चालत होती. बोटभर केस गळत नव्हते, नुसती भुकटी उडत होती. मास्तर पेंगत होते.

परक्या पुरुषाच्या मानेवर बायकोचा हात बघून नवऱ्याचं डोकं फिरतं, तसं त्याचं फिरलं असतं तर बरं होतं. दोनदा ओरडून मोकळा झाला असता. थोडं तसंही झालं. बावीस वर्षांत तो अंगठा त्याच्या मानेवर असा कधी टेकला नव्हता. पण त्याचा खरा जळफळाट झाला तो त्या हातावर. हाच हात रोज त्याला वाढत होता, घागरी उचलत होता, त्याची कापडं धूत होता. त्यानं त्याकडे कधी धड बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; हा वळसा तर कोरड्या तळ्यातून, शिंप्याला ओढत घातला होता.

मास्तर मागच्या बोळानं निघून गेल्यावर तो परसात आला. ती खराट्यानं केस गोळा करत होती. परसात केस असतात हे त्याला वर्षभर दिसत होतं, पण न्हाव्याच्या घरात केस कुठे नसतात?

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

ती दचकली. पण खराटा सोडला नाही. "गेल्या उन्हाळ्यापासून."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"वरच्या आळीला. खाली नाही."

"म्हणजे मला आणि धाकट्याला सोडून सगळ्यांना."

"तुम्हाला सांगितलं असतं तर करू दिलं असतं तुम्ही?"

त्यानं पायानं पालथी बादली सरळ केली. ती म्हणाली, "गिरणीवाल्याची बायको आली होती रडकुंडीला. म्हणाली, नवरा म्हणतोय आता खाली जातो, ही रेघ मारलेली मान घेऊन चारचौघांत बसवत नाही. आणखी दोघं त्याच्या मागून जायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, मी रेघ तेवढी पुसून देते. पण पुढच्या दारानं गेल्याशिवाय मागच्या दाराला कुणाला उभं केलं नाही मी. आधी तुमच्या खुर्चीवर बसायचं, मग माझ्या बादलीवर. सगळ्यांना बजावलंय."

"उपकारच केलेस."

"उपकार कसले. आळी राखली. गेली असती तर तुम्ही काय केलं असतं? भट्टीवरच्या दाढ्या?"

ते त्याला झोंबलं, कारण खरं होतं. तो पाण्याच्या पिंपाला टेकला. "बाबांनी शिकवलं?"

"शिकवतायत कसले. उशीला मान टोचायची त्यांना. तुम्ही एकदा केलीत, त्यांनी चाचपली, म्हणाले मी काय वही आहे? तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. भावजी आठवड्यानं यायचे, कधी पंधरा दिवसांनी. एक दिवस मलाच म्हणाले, घे ती कात्री. मी घेतली. मग रोजच्या शिव्या. अजून हलकं, अजून हलकं, हात आहे का मुसळ. वर्षभर मी त्या शिव्या खाल्ल्या. एके दिवशी त्यांनी बोटानं मान चाचपली आणि काही बोललेच नाहीत. झोपी गेले." तिनं केसांचा पुंजका सुपलीत भरला. "त्यानंतर त्यांना दुसऱ्या कुणाचा हात नको झाला."

थोरल्याला बापावर ओरडावंसं वाटलं, पण बाप नव्हता. "दाढी माझ्याकडूनच करून घ्यायचे," तो म्हणाला. ते कुणाला सांगत होता त्यालाही कळलं नाही.

"हो," ती म्हणाली. "रोज तुमचीच वाट बघायचे."

त्यानंही त्याचं समाधान झालं नाही. "उद्यापासून हे बंद," तो म्हणाला.

"बरं." तिनं कात्री त्याच्या तळहातावर ठेवली आणि सुपली घेऊन उकिरड्याकडे गेली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दिवस मावळायच्या आत त्यानं ती कात्री चालवून बघितली. तिच्या कड्यांत त्याची जाड बोटं जेमतेम शिरली. परसात शेळी बांधली होती. त्यानं तिच्या पाठीवर कंगवा लावला, अंगठा टेकवला, श्वास धरला, जितकं हलकं येईल तितकं हलकं चालवलं. शेळीच्या पाठीवरसुद्धा रेघच उठली. शेळीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा गिरणीवाला नि शिंपी बाकावर येऊन बसले. शिंपी त्याच्या नजरेला नजर देईना. थोरला वस्तरा पट्ट्यावर घासत होता. इतक्यात दारात सावली पडली. धाकटा होता. म्हातारा गेल्यापासून तो या पायरीवर चढला नव्हता. त्याचे स्वतःचे केस मानेवर उतरले होते. त्याला तालुक्याला जाऊन कापून घ्यायला लागायचे आणि गेल्या महिन्यात तो गेलेला दिसत नव्हता.

"दादा," तो दारातच म्हणाला, "मला शिकव."

"काय?"

"मान. बाबांची. तीन रात्री डोळा लागलेला नाही मला. तुला आली याचं दुःख नाही..." तो थांबला. "आहे दुःख. कशाला खोटं बोलू? पण मी उजवीकडे चुकतो आणि का चुकतो ते मला कळत नाही. ते सांगणारं आता तूच एक आहेस."

तो आत आला आणि न विचारता खुर्चीवर बसला. "माझ्याच मानेवर कर. मी लक्ष ठेवतो. अंगाला कळलं की हाताला कळेल." आणि त्यानं मान खाली घातली.

गिरणीवाला नखांतलं पीठ काढायला लागला. शिंपी आढ्याकडे बघत बसला. मधल्या खोलीत भांड्यांचा आवाज बंद झाला. थोरल्याला कळत होतं की यातलं कुणीही तोंड उघडणार नाही. वर्षभर उघडलं नव्हतं, आताही उघडणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज वस्तरा बोथट आहे, पुढच्या आठवड्यात ये, एवढं म्हटलं की पुरे होतं. धाकटा उठून गेला असता आणि जन्मभर त्याच्यावर जळत राहिला असता. ज्या हातावर आपण लहानपणापासून जळलो तो हात आपल्यापुढे पसरलाय, यापरतं माणसाला काय हवं असतं?

त्यानं कापड बांधलं. कंगवा घेतला, म्हाताऱ्याची कात्री घेतली, डावा अंगठा भावाच्या मानेच्या खळग्यात टेकवला. मान गरम होती आणि घामेजलेली. अंगठ्याखाली नाडी उडत होती. धाकट्यानं डोळे मिटले होते आणि श्वास सोडला होता, कुणी न सांगता. तो पूर्ण विश्वासानं बसला होता. थोरल्यानं एवढा मोठा माणूस असा बसलेला बघितला आणि त्याचा हात हलेना.

"मला येत नाही," तो म्हणाला.

धाकट्यानं मान वर केली नाही. "थट्टा करू नको."

"थट्टा नाही. मला कधी आलंच नाही. बाबांची मान मी करत नव्हतो. मला वाटायचं, तू करतोस." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "हिला येतं. सगळ्या आळीच्या माना हीच करते." आणि आत तोंड करून तो म्हणाला, "अगं, बाहेर ये."

ती हात पुसत दारात आली. "तुम्ही काल बंद म्हणालात."

"म्हणालो असेन. ही घे कात्री."

तिनं कात्री घेतली. धाकटा खुर्चीत अर्धा वळून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून हळूहळू सगळं खाली उतरत गेलं. आधी आश्चर्य, मग हसू, मग तेही. उरलं ते थोरल्याला चांगलंच ओळखीचं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला शिकवलं त्यांनी?"

"वर्षभर शिव्या दिल्या, भावजी. मान खाली घ्या."

पुढच्या दुकानात, त्या खुर्चीमागे ती पहिल्यांदाच उभी होती. क्षणभर तिला आरशात स्वतःला बघून अवघडल्यासारखं झालं, मग तिनं आरशाकडे बघणं सोडून दिलं. कंगवा सरकला. कात्री चालायला लागली. उजव्या बाजूला आली तेव्हा म्हणाली, "इथं तुम्ही कोपर उचलता बहुतेक. म्हणून वर चढते. कोपर बरगडीला लावून ठेवायचं." धाकट्यानं नुसता हुंकार दिला. थोरल्यानं आपलं कोपर नकळत बरगडीला लावलं. मग काही काम नसल्यामुळे हातआरसा घेऊन उभा राहिला, आणि हातआरसा धरायचं काम आजवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

झालं. त्यानं आरसा मागे धरला. धाकट्यानं पुढच्या आरशात डोळे बारीक करून बघितलं, बोटानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. "मला मागचं कळत नाही," तो म्हणाला. "दादा, तू बघ. झाली का बाबांसारखी?"

थोरला वाकला. मान डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. केस विरत विरत कातडीत मिसळले होते. बापाच्याही हातून चांगल्या दिवशीच अशी उतरायची. "झाली" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. कालपासून त्यानं एवढं दिलं होतं, हे एवढंसं राहिलं होतं, आणि तेच निघेना.

"उजव्या कानामागं जरा दाट राहिलीय," तो म्हणाला.

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. गिरणीवाल्यानं पाहिलं. शिंप्यानंही आढ्यावरची नजर खाली आणली.

तिनं मानेकडे परत बघितलंसुद्धा नाही. "नाही राहिली," ती म्हणाली. धाकट्याच्या गळ्यातलं कापड सोडलं, दारात नेऊन झटकलं आणि शिंप्याला म्हणाली, "या, बसा खुर्चीवर."